बारावी कॉमर्सचं संख्याशास्त्र: सूत्र पाठ आहे, मग उत्तर का चुकतं?

कोल्हापूरच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावी कॉमर्सला आहे, गणित घेतलंय. दहावी मराठी माध्यमातून झाली. मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन जमतं, पण रिग्रेशन, टाइम सिरीज, इंडेक्स नंबर आणि प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन यांत सूत्रं तोंडपाठ असूनही वीसपैकी आठ-नऊच गुण पडतात. क्लास बदलावा का, की घरी काही करता येईल?

क्लासचा विचार नंतर करा. आधी तिच्या दोन-तीन चाचण्यांचे तपासलेले पेपर काढा आणि लाल शाई नेमकी कुठे पडलीय ते बघा. सूत्राच्या ओळीवर ती क्वचितच असेल. एक तर तक्त्यातल्या एखाद्या रकान्यात असेल, नाहीतर अगदी शेवटी, जिथे विचारलं एक आणि काढलं दुसरंच. या धड्यांतलं बरंचसं काम तक्ता भरतानाच होऊन जातं. सूत्र म्हणजे त्याच्यावर शेवटी मारायचा शिक्का. मुलं मात्र शिक्काच घोटत बसतात.

पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, चाळीस-चाळीसचे दोन विभाग. उरलेले २० गुण अंतर्गत. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ही कॅल्क्युलेटरची गोष्ट घरात गांभीर्याने घ्या. मोबाइलवर गुणाकार करत वर्षभर सराव केलेल्या मुलीला परीक्षेत १७ चा वर्ग करायला थांबावं लागतं, आणि तिथेच पुढच्या गणिताची वेळ जाते. ३० पर्यंतचे वर्ग आणि दोन दशांश स्थळांपर्यंत हातानं भागाकार, एवढं डोळे झाकून यायला हवं. सराव पहिल्या दिवसापासून हातानेच.

आता रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज सांगणारी रेषा. इथे जरा वेळ काढतो, कारण सगळ्यात जास्त गुण इथेच गळतात. लहान आकडे घेऊ, मुद्दाम बनवलेले. पाच म्हशी आहेत. रोजचा खुराक किलोत, तो एक्स: २, ३, ४, ५, ६. रोजचं दूध लिटरमध्ये, तो वाय: ५, ९, ६, १०, १०.

एक्सची सरासरी ४, वायची ८. दोन्ही पूर्णांक आल्या की सरळ सरासरीपासूनचे फरक घ्यायचे:

एक्सचे फरक: −२, −१, ०, १, २ (बेरीज ०)
वायचे फरक: −३, १, −२, २, २ (बेरीज ०)
फरकांचे गुणाकार: ६, −१, ०, २, ४ (बेरीज ११)
एक्सच्या फरकांचे वर्ग: ४, १, ०, १, ४ (बेरीज १०)
वायच्या फरकांचे वर्ग: ९, १, ४, ४, ४ (बेरीज २२)

पहिल्या दोन ओळींची बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर पुढे एक अक्षरही लिहायचं नाही. सरासरी तरी चुकलीय, नाहीतर एखादं वजा चिन्ह तरी निसटलंय. या तपासणीला दहा सेकंद लागतात आणि ती वाचवते चार गुण.

आता रिग्रेशनचे दोन गुणांक, म्हणजे बी. बी-वाय-एक्स म्हणजे ११ भागिले १०, १.१. बी-एक्स-वाय म्हणजे ११ भागिले २२, ०.५. वरचा आकडा दोन्हीकडे तोच. खाली कोणाचे वर्ग घ्यायचे एवढाच फरक. नावातलं दुसरं अक्षर खाली बसतं: वाय-एक्स असेल तर खाली एक्सचे वर्ग. वायची एक्सवरची रेषा येते वाय = १.१ एक्स + ३.६, आणि एक्सची वायवरची रेषा येते एक्स = ०.५ वाय.

समजा प्रश्न आला: खुराक ६ किलो असेल तर दुधाचा अंदाज काढा. पहिल्या रेषेत ६ घातले की १०.२ लिटर. दुसऱ्या रेषेत एक्सच्या जागी ६ घालून वाय सोडवला तर १२ लिटर. जवळजवळ दोन लिटरचा फरक, आणि दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच साळसूद. नियम एकच: ज्याचा अंदाज काढायचा, तो ज्या रेषेत डावीकडे एकटा उभा आहे ती रेषा वापरायची. दूध काढायचंय म्हणजे वायची एक्सवरची रेषा. पुस्तकातल्या बऱ्याच उदाहरणांत सहसंबंध इतका घट्ट असतो की चुकीची रेषा घेतली तरी उत्तर जवळपास येतं. म्हणून ही चूक सरावात पकडलीच जात नाही. इथे सहसंबंध गुणांकाचा (आरचा) वर्ग, म्हणजे दोन्ही बींचा गुणाकार, ०.५५ आहे, म्हणून ती उघडी पडली.

हेच आकडे दुसऱ्या ठरलेल्या प्रश्नालाही चालतात, जिथे दोन समीकरणं देऊन कुठलं कोणाचं ते ओळखायचं असतं. वरच्या रेषा अशा लिहिल्या जातील: ११ एक्स − १० वाय + ३६ = ० आणि २ एक्स − वाय = ०. दुसरीला वायची एक्सवरची धरलं तर बी-वाय-एक्स २ येतो, आणि पहिलीवरून बी-एक्स-वाय १० भागिले ११. गुणाकार १.८२. हा गुणाकार एकाच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे धरलेलं उलटं होतं. अदलाबदल केली की १.१ गुणिले ०.५, म्हणजे ०.५५. झालं. दोन्ही समीकरणं एकत्र सोडवली की दोन्ही सरासऱ्या मिळतात, ४ आणि ८, कारण दोन्ही रेषा त्याच बिंदूतून जातात. शेवटी वर्गमूळ काढताना चिन्ह विसरू नका. दोन्ही बी वजा असतील तर आरही वजाच. वर्गमूळ काढलं की मुलं सवयीनं अधिक लिहून मोकळी होतात आणि एक गुण सोडतात.

सरासरी अपूर्णांकात आली, समजा ७.४, तर फरकांच्या वाटेला जाऊच नये. सरळ मूळ आकड्यांचे वर्ग आणि गुणाकार घेऊन मोठं सूत्र वापरावं, किंवा सोयीचा आकडा वजा करून घ्यावा. सगळ्या एक्समधून ५० वजा केले तरी बी बदलत नाही. पण एक्सला १० ने भागलं तर मात्र बदलतो, आणि शेवटी त्याची भरपाई करावी लागते. आर दोन्ही बाबतीत जसाच्या तसा राहतो (ऋण संख्येनं भागलं तर तेवढं चिन्ह पालटतं). हा फरक खरं तर अकरावीतल्या कोरिलेशनचा. व्हेरिअन्स, कोव्हेरिअन्स कच्चं राहिलेलं असेल तर बारावीचं रिग्रेशन घोटण्याआधी अकरावीचं पुस्तक चार दिवस उघडा. वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांत गल्लत होणं हे त्या कच्चेपणाचं हमखास लक्षण.

एक आडवळण. १.१ चा अर्थ काय? या आकड्यांत एक किलो जादा खुराकामागे सरासरी १.१ लिटर जादा दूध दिसतं, इतकाच. खुराक वाढवला म्हणून दूध वाढलं, असं ही रेषा म्हणत नाही. आपल्याकडे गोठ्यात उलटंही चालतं: जी म्हैस जास्त दूध देते तिलाच जास्त पेंड पडते. शिवाय रेषा २ ते ६ किलोच्या आतच भरवशाची. १५ किलो घालून बघा, २०.१ लिटर उत्तर येईल. कागदावर बरोबर, पण म्हशीचं पोट बिघडेल ते वेगळंच.

टाइम सिरीजमध्ये, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांत, घटक ओळखायचा प्रश्न कोल्हापूरच्या मुलीला तरी अवघड जायला नको. पंचगंगा दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर चढते, हा हंगामी बदल. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला की त्या वर्षीचा बाजारातला खड्डा अनियमित घटकात जातो. दसरा-दिवाळीपासून गुऱ्हाळं पेटतात आणि मार्केट यार्डात गुळाची आवक वाढते, हाही हंगामीच, कारण तो दरवर्षी त्याच काळात पुन्हा येतो. चक्रीय बदलाला एका वर्षापेक्षा जास्त काळ लागतो. ‘हंगामी’ आणि ‘चक्रीय’ यांत गोंधळ झाला तर एवढंच विचारायचं: हे दरवर्षी त्याच महिन्यांत येतं का?

गुण जातात ते लीस्ट स्क्वेअर्समध्ये, म्हणजे आकड्यांतून कलाची रेषा काढायच्या पद्धतीत, तेही वर्षांची संख्या सम असताना. समजा एका गावच्या दूध संस्थेचं रोजचं सरासरी संकलन, शेकडा लिटरमध्ये, २०१९ ते २०२४ असं आहे: ११, १४, १४, १७, १८, २२. आकडे काल्पनिक. सहा वर्षं म्हणजे मधलं वर्षच नाही. म्हणून वर्षांच्या जागी सोयीचे आकडे, यू, घ्यायचे −५, −३, −१, १, ३, ५. यूची बेरीज शून्य, वर्गांची बेरीज ७०. वायची बेरीज ९६, म्हणून ए = १६. यू आणि वायच्या गुणाकारांची बेरीज ७०, म्हणून बी = १. रेषा: वाय = १६ + यू.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता २०२५ चा अंदाज विचारला. ५ नंतर ६ लिहून २२ उत्तर देणारी मुलं कमी नाहीत. यू दोन-दोननं सरकतोय, म्हणून २०२५ ला यू ७, उत्तर २३. दुसरी, जास्त लपलेली चूक अशी की बी १ आहे म्हणून वाढ वर्षाला १ असं लिहिणं. एका वर्षात यू दोननं सरकतो, म्हणून वार्षिक वाढ २. विषम वर्षं असतील तर यू −२, −१, ०, १, २ असे एक-एकनं जातात आणि हा घोळ होत नाही. तक्ता मांडतानाच शेवटच्या वर्षाखाली पुढच्या दोन वर्षांचे यू पेन्सिलीनं लिहून ठेवायची सवय लावा.

चार वर्षांची सेंटर्ड मूव्हिंग ॲव्हरेज काढताना वर्षांच्या ओळींमध्ये एकेक ओळ कोरी सोडायचीच. वरच्याच आकड्यांत पहिल्या चार वर्षांची बेरीज ५६ ही २०२० आणि २०२१ च्या मधल्या कोऱ्या ओळीत बसते, पुढच्या ६३ आणि ७१ त्याखालच्या दोन मधल्या ओळींत. मग ५६ आणि ६३ मिळून ११९, भागिले ८, म्हणजे १४.८७५, हे २०२१ समोर. ६३ आणि ७१ मिळून १३४, भागिले ८, म्हणजे १६.७५, हे २०२२ समोर. सहा वर्षांत कल मिळतो फक्त दोन वर्षांचा. पहिली दोन आणि शेवटची दोन वर्षं रिकामीच राहतात. ती रिकामी बघून काहीतरी चुकलं असं वाटतं आणि मुलं आकडे वर सरकवून टाकतात. ओळ सोडलेली असेल तर हे घडत नाही.

इंडेक्स नंबरला मुलं सूत्रांच्या गर्दीनं घाबरतात. लास्पेअर, पाशे, डॉर्बिश-बाउली, फिशर, मार्शल-एजवर्थ, वॉल्श. पण वॉल्श सोडलं तर सगळी सूत्रं चारच बेरजांतून निघतात. उन्हाळ्यात घरोघरी चटणी होते, तिचंच उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे. मिरची किलोला २०० वरून ३०० झाली, आणि ३ किलोऐवजी २ घेतली. धणे १०० वरून ११०, दोन्ही वर्षी २ किलो. कांदा २० वरून २५, आणि १० ऐवजी १२ किलो. पी म्हणजे भाव, क्यू म्हणजे किती घेतलं; ० जुनं वर्ष, १ नवं.

पी०क्यू० ची बेरीज १०००
पी१क्यू० ची १३७०
पी०क्यू१ ची ८४०
पी१क्यू१ ची ११२०

लास्पेअर १३७० भागिले १०००, म्हणजे १३७. पाशे ११२० भागिले ८४०, म्हणजे १३३.३३. डॉर्बिश-बाउली या दोघांची साधी सरासरी, १३५.१७. फिशर दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, १३५.१५. मार्शल-एजवर्थमध्ये वरच्या दोन बेरजा एकत्र आणि खालच्या दोन एकत्र: २४९० भागिले १८४०, म्हणजे १३५.३३. या शेवटच्या दोन-तीन आकड्यांकडे बघा, किती जवळ आहेत. म्हणूनच डॉर्बिश-बाउलीच्या जागी मार्शल-एजवर्थ लिहिलं गेलं तर घरी उत्तर ताडून बघताना ‘पॉइंटमध्ये फरक असेल’ असं वाटून चूक निसटते. फिशर नेहमी लास्पेअर आणि पाशे यांच्या मध्येच पडायला हवा. बाहेर पडला तर वर्गमूळ चुकलं.

लास्पेअर मोठा का आला तेही तिला विचारा. तो जुन्याच प्रमाणात खरेदी धरतो. मिरची महागली तेव्हा घरात ती कमी आणली गेली, हे त्याला कळत नाही, पाशेला कळतं. एवढं समजलं की क्यू० कुठे आणि क्यू१ कुठे हे पाठ करावं लागत नाही.

साध्या बेरजेच्या पद्धतीत, म्हणजे वजनांशिवाय, एककाची चलाखी असते. वरच्या तिन्ही भावांची साधी बेरीज ३२० वरून ४३५, निर्देशांक १३५.९४. आता फक्त कांद्याचा भाव क्विंटलला लिहा, २००० वरून २५००. बाजारात काहीच बदललं नाही, पण निर्देशांक १२६.५२ झाला. या पद्धतीचा दोष सांगा असा प्रश्न आला तर हे उदाहरण दोन ओळींत लिहिता येतं.

वॉल्शमध्ये क्यू० आणि क्यू१ च्या गुणाकाराचं वर्गमूळ लागतं. प्रश्नात हे गुणाकार बहुधा पूर्ण वर्गच असतात, ४ आणि ९, २ आणि ८ असे. पूर्ण वर्ग दिसला नाही तर क्यू० च्या जागी पी० उचललंय का ते आधी बघा.

प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनमध्ये मराठी माध्यमातून आलेल्या मुलीची अडचण बहुतेकदा गणिताची नसते, शब्दांची असते. ‘ॲट लीस्ट टू’ म्हणजे किमान दोन, दोन धरून वर. ‘ॲट मोस्ट टू’ म्हणजे जास्तीत जास्त दोन, दोन धरून खाली. ‘मोअर दॅन टू’ मध्ये दोन नाही. प्रश्न वाचल्यावर सूत्राला हात लावण्याआधी एक्सच्या कुठल्या किमती हव्यात त्या एका ओळीत लिहायच्या. समजा दहा टक्के चपला सदोष निघतात आणि पाच जोड तपासले. किमान दोन सदोष असण्याची शक्यता हवी. म्हणजे २, ३, ४, ५. चार वेळा गणित करण्यापेक्षा ० आणि १ काढून एकातून वजा करा: ०.५९०४९ आणि ०.३२८०५ मिळून ०.९१८५४, उत्तर ०.०८१४६. एक सदोष असण्याच्या शक्यतेत पुढचा ५ गुणायचा राहिला की सगळंच फिसकटतं, कारण तो सदोष जोड पाचांपैकी कुठलाही असू शकतो.

बायनॉमिअलमध्ये (वरच्या चपलांसारख्या गणितांत) व्हेरिअन्स सरासरीपेक्षा कमीच येतो, कारण सरासरी एनपीला (एन म्हणजे किती तपासले, पी म्हणजे एकाची शक्यता) एकाहून लहान क्यूनं, म्हणजे १ वजा पीनं, गुणलेलं असतं. सरासरी ४ आणि व्हेरिअन्स ६ असं निघालं तर मागे जाऊन चूक शोधा. पॉयसाँमध्ये (मुलं त्याला ‘पॉयझन’ म्हणतात, म्हणू द्या) दोन्ही सारखेच. प्रश्नात ई चा घात दिलेला असतो, तो वापरायचा. कंटिन्युअस प्रकारात एका नेमक्या किमतीची शक्यता शून्य असते, हे विसरून मुलं फंक्शनमध्ये आकडा घालून उत्तर लिहितात.

या गणितांत पी आयता दिलेला असतो. प्रत्यक्षात तो नमुन्यावरून काढावा लागतो, आणि त्या अंदाजशास्त्रात जगभर नाव झालेले वसंत शंकर हुझुरबाजार हे १९१९ साली कोल्हापुरातच जन्मले. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख, १९७४ चे पद्मभूषण. मुलीला सांगायला हरकत नाही. आपल्याकडे ‘विषय हार्ड’ म्हणतात ते कौतुकानंच.

असाइनमेंट (कोणाला कुठलं काम द्यायचं) आणि सिक्वेन्सिंग (कामांचा क्रम लावणं) हे ठरावीक पायऱ्यांचं काम आहे, त्यात फार वेळ घालवू नका. नफा विचारला असेल तर सगळे आकडे सर्वांत मोठ्यातून वजा करायचे, ओळी आणि रकाने असमान असतील तर शून्यांची जादा ओळ किंवा रकाना घालायचा, आणि शेवटचं उत्तर मूळ तक्त्यातले आकडे घेऊन काढायचं. कमी केलेल्या तक्त्यातली शून्यं बेरजेला घेऊन ‘एकूण खर्च शून्य’ लिहिलेल्या उत्तरपत्रिका असतात. एलपीपीचा (लिनिअर प्रोग्रॅमिंगचा) आलेख आलेख-कागदावरच.

घरी काय करायचं? रोज दोनच गणितं, पण पूर्ण. तक्ता, बेरजांची तपासणी, उत्तर, आणि शेवटी एककासह एक वाक्य. एक गणित जुन्या धड्यातलं, एक चालू धड्यातलं. वेळ लावायची: चार गुणांच्या गणिताला आठ-नऊ मिनिटं. रिकाम्या जागा भरायच्या कृतीचे प्रश्नही सोडवा. आयता तक्ता दिलेला असतो म्हणून ते सोपे वाटतात, पण दुसऱ्यानं मांडलेला तक्ता वाचणं हे वेगळंच कसब आहे.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खऱ्या आकड्यांवर काम करू दे. पेपरात राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज येते. वीस दिवसांचे आकडे लिहून तीन दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज काढायला सांगा आणि कागदावर दोन्ही रेषा काढायला सांगा. पातळी फूट-इंचात असते. ३८ फूट ६ इंच तिनं ३८.६ असं लिहिलं तर लगेच बोलू नका. सगळी सरासरी काढून होऊ दे, मग विचारा की फुटात इंच किती.